तळहातावरचे ठिपके

पंधरा-वीस दिवसांचा बारीक ताप आपल्याकडे कुणी मनावर घेत नाही. तो अंगावर काढला जातो, नाहीतर पाच दिवसांच्या अँटिबायोटिकने दबतो आणि आठवड्याभरात परत येतो. लहानपणी संधिवाताच्या तापात हृदयाची झडप खराब झालेल्या किंवा कृत्रिम झडप बसवलेल्या माणसाला हे जिवावर बेतू शकतं. झडपेवर जंतू घर करतात, त्यांच्याभोवती गुठळ्या साचतात आणि त्यांचे कण सुटून रक्ताबरोबर मेंदूत, मूत्रपिंडात, बोटांच्या टोकांत जातात.

बोटांत गेलेलं दिसू तरी शकतं. विल्यम ऑस्लर यांनी १९०९ साली वर्णिलेल्या वाटाण्याएवढ्या गाठी बोटांच्या टोकांना येतात. नुसतं दाबलं तरी रुग्ण कळवळतो, आणि कधी काही तासांतच त्या मावळतात. न्यूयॉर्कच्या एडवर्ड जेनवे यांनी १८९९ मध्ये नोंदवलेले तळहात-तळपायांवरचे लाल डाग दुखत नाहीत, म्हणून रुग्ण ते दाखवत नाही. सावळ्या कातडीवर ते आणखीच लपतात. मग तळवे उजेडात धरावे लागतात, पापणी खाली ओढून आतले रक्ताचे ठिपके शोधावे लागतात. नखाखाली कुसळ रुतल्यासारखी उभी तांबूस रेघही असते. पण शेतात, कारखान्यात राबणाऱ्या हातांना ती साध्या माराने पडते. नेलपॉलिशखाली तर काहीच दिसत नाही.

इथेच सावध व्हायला हवं. या खुणा पाठ्यपुस्तकात ठळक आहेत, वॉर्डात दुर्मीळ. हा आजार ओळखण्यासाठीच्या १९९४ च्या ड्यूक निकषांतही जेनवेचे डाग आणि ऑस्लरच्या गाठी दुय्यमच आहेत. मुख्य पुरावा रक्तातल्या जंतूंचा आणि हृदयाच्या इको तपासणीचा. हात तपासलेच पाहिजेत, पण ते स्वच्छ दिसले म्हणून रुग्णाला मोकळं सोडणं ही तपासणी न करण्याहून मोठी चूक आहे.

आणि तो मुख्य पुरावा आपणच पुसतो. ब्लड कल्चरसाठी अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी वेगवेगळ्या ठिकाणी सुई टोचून किमान तीनदा रक्त घ्यावं लागतं. आधीच गोळ्या पोटात गेलेल्या असल्या की बाटलीत जंतू वाढत नाहीत, रिपोर्ट कोरा येतो. मग कोणता जंतू आहे हे न कळताच चार ते सहा आठवडे शिरेतून औषध चढवत राहावं लागतं, अंदाजाने.