कोरी वही

दिवाळीची साफसफाई यंदा मी दिवाळी झाल्यावर केली. म्हणजे विषय काय आहे ते तुमच्या लक्षात आलंच असेल!

तर कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या हजेरीपटांच्या आणि मुलांच्या गुणपत्रिकांच्या खाली एक दोनशे पानी वही सापडली. जाड पुठ्ठ्याची, तपकिरी कव्हर घातलेली. पहिल्या पानावर वर मधोमध 'श्री', खाली तारीख १ जुलै २००९ आणि त्याखाली माझ्या वळणदार अक्षरात 'आत्याच्या ओव्या, भुलाबाईची गाणी व वऱ्हाडी शब्द'. शीर्षकाखाली पट्टीनं ओढलेली लाल रेघ. पुढची १९९ पानं कोरी.

त्या वर्षी मी निवृत्त झाले. पस्तीस वर्षं मराठी शिकवलं, आता आपल्या आवडीचं काम करायचं असं ठरवलं होतं. आमची आत्या लहान वयात विधवा होऊन माहेरी परत आली आणि जन्मभर आमच्याच घरी, दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावी राहिली. तिला शाळा ठाऊक नव्हती. पण जात्यावर बसली की पायली दळून होईपर्यंत तिची ओवी परत येत नसे. भाद्रपदातल्या पुनवेला भुलाबाई बसली की कोजागिरीपर्यंत गल्लीतल्या पोरी आमच्याच ओसरीवर, कारण गाणं अडलं की पुढची ओळ आत्याजवळ. हे सगळं लिहून काढायचं, असा माझा बेत होता. अमरावतीहून एस.टी.नं दीड तासाचा रस्ता. लंडनला जायचं नव्हतं.

पहिल्या वर्षी लेकीचं बाळंतपण. ते खरंच होतं. दुसऱ्या वर्षी घराला रंग. मग वाटलं, नुसतं लिहून चाल कशी कळणार, आधी चांगला टेपरेकॉर्डर घ्यावा. टेपरेकॉर्डर घेईपर्यंत कॅसेटी मिळेनाशा झाल्या. मग मोबाईल आला, तो शिकायचा होता. मग कुणीतरी सांगितलं की पुण्यात गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या आहेत. हे ऐकून हुरूप यायला हवा होता. मी म्हटलं, आधी त्यांची पद्धत पाहावी, मग आपण नीट, शास्त्रशुद्ध करू. 'नीट' हा शब्द मला फार महागात पडला.

२०१५च्या संक्रांतीला गावी गेले तेव्हा आत्यानंच विचारलं, "काहून वं माय, कवा लिवतं? आता डोये गेले माहे, दात गेले. गया राह्यला हाय फक्त." मी म्हटलं, "आत्या, उन्हाळ्यात येते, चांगली महिनाभर राहते."

मार्चमध्ये तिला लकवा मारला. त्यानंतर ती दीड वर्ष होती. मी जाऊन बसायची. ती माझ्याकडं बघून ओठ हलवायची. चाल असायची, शब्द नसायचे.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. घरचे वाचतील, वाचोत.

आता मला जे म्हणायचं आहे ते हे, की चालढकल म्हणजे आळस, हे जे आपण पोरांना सांगत आलो ते काही खरं नाही. मी आळशी नव्हते. पस्तीस वर्षांत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा एक दिवस उशिरा दिला नाही. जनगणना असो की निवडणुकीची ड्यूटी, मी वेळेच्या आधी हजर. 'वेळेचे महत्त्व' हा निबंध किमान तीस वर्गांना लिहायला लावला. कबीराचा तो उद्या-आजचा दोहा तर शाळेच्या भिंतीवर ऑइलपेंटनं मी स्वतः स्टुलावर चढून लिहिला होता. (एक मात्रा चुकली होती, ती दुरुस्त करायची राहूनच गेली.) म्हणजे काम करायची सवय नव्हती असं नाही. शाळेचं काम मागायला मुख्याध्यापक होते. माझं काम मागायला कोणीच नव्हतं. आणि जे काम जिवाच्या जवळचं, ते बिघडेल याची भीती जास्त. कोऱ्या वहीत चूक नसते ना!

आमचा भाचा मला प्रेरणादायी भाषणांचे व्हिडिओ पाठवत असतो. सूट घातलेला मनुष्य स्टेजवर फिरत ओरडून सांगतो की आतली आग पेटवा. ऐकताना बरं वाटतं, रक्त सळसळतं, आणि मग आपण उठून चहा करतो. माझं स्पष्ट मत आहे की प्रेरणेची वाट पाहणं हीसुद्धा एक चालढकलच आहे, फक्त चांगले कपडे घातलेली.

गेल्या वर्षी नात्यातल्या मंडळींबरोबर रिद्धपूरला गेले. आपल्याच जिल्ह्यातलं, मोर्शी तालुक्यातलं. २०२४ साली तिथं मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं, त्याच वर्षी ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, म्हणून सगळ्यांना उत्साह. माझ्या मनात मात्र म्हाइंभट घोळत होते. बी.ए.ला 'लीळाचरित्र' होतं, परीक्षेपुरतं वाचलं होतं. आता मागच्या बाजूनं पाहिलं.

चक्रधरस्वामी निघून गेलेले. मागं राहिलेल्या मंडळींजवळ आठवणींशिवाय काही नाही. नागदेवाचार्य एकांतात बसून त्या लीळांचं स्मरण करीत. म्हाइंभट मूळचे मोठे पंडित, वादविवादात मुरलेले. त्यांच्या लक्षात आलं की हे स्मरण करणारे आहेत तोवरच हे आहे. त्यांनी आधी नागदेवाचार्यांकडून ऐकून घेतलं, आणि मग ज्यानं ज्यानं स्वामींना पाहिलं त्याच्या त्याच्याकडं गावोगाव जाऊन विचारलं. सन १२७८च्या सुमारासची ही गोष्ट अभ्यासक धरतात. रस्ते नाहीत, गाड्या नाहीत, कागदसुद्धा सहज मिळत नसणार. आणि त्यांनी हे केलं संस्कृतात नाही, साध्या बोलीत, माणसं जशी बोलली तसं. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर त्याचीही नोंद पोथीत सापडते. 'नीट' होईपर्यंत ते थांबले नाहीत.

पुढं परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथीच हरवली, असं परंपरा सांगते. पण तोवर ती इतक्यांनी वाचली, पाठ केली होती की शिष्यांनी आठवणीतून पुन्हा उभी केली. म्हणूनच तिचे वेगवेगळे पाठ आहेत. आपल्याच वऱ्हाडातले, मलकापूर तालुक्यातल्या नरवेलचे डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली प्रत १९७८ साली निघाली. म्हणजे गोळा केलेलं हरवलं तरी परत मिळतं. न गोळा केलेलं कुठून मिळणार?

कुणी म्हणेल, बाई, ते भक्त होते, आपण संसारी. मान्य. पण मला तिथं वाजेश्वरीपाशी उभं राहून जे सुचलं ते भक्तीविषयी नव्हतंच. म्हाइंभट एका जागी बसून ग्रंथ रचायच्या मागं लागले नाहीत, ते माणसाकडं गेले. माणसासमोर जाऊन बसायला प्रेरणा लागत नाही, तिकीट लागतं.

आता, थांबणं वाईटच असतं असंही मी म्हणणार नाही. आमच्याकडं मृगाचे दोन थेंब पडले की तिफन काढणारे उतावळे दरसाल दुबार पेरणी करतात. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं सांगून थकलं. भाव येईल म्हणून कापूस घरात भरून ठेवणारा शेतकरीही चालढकल करत नाही, तो हिशेब करतो. (हिशेब चुकतो ते वेगळं.) पण पाऊस येणारी गोष्ट आहे. मी ज्याची वाट पाहत होते तो 'निवांत वेळ' कोणत्याच नक्षत्रात पडत नाही.

तर वही सापडल्यावर मी दोन दिवस काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी अकोल्याला थोरल्या वहिनीला फोन केला. वहिनी आमच्या घरात आली तेव्हा मी सहा वर्षांची होते. आत्याच्या जात्याचा दुसरा हात वहिनीचा. आता पंच्याऐंशी वर्षांची आहे, मुलाकडं अकोल्याला असते. म्हटलं, मी दर दुसऱ्या गुरुवारी येते, तू सांग, मी लिहिते. पीटर गॉलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९९९ साली मांडलंय म्हणे, की 'करीन' म्हणण्यापेक्षा 'अमुक वेळी, अमुक जागी करीन' असं ठरवणाऱ्याचं काम जास्त वेळा पार पडतं. भाच्यानं पाठवलेल्या पसाऱ्यातलं एवढंच मला पटलं. बाकी एस.टी.त मला अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरी झाली की पूर्ण फुकट. पुढच्या वर्षीपासूनच सुरू करावं का, असाही विचार मनात येऊन गेला, खोटं कशाला सांगू!

पाच गुरुवार झाले. ४६ पानं भरली. अक्षर वाईट आहे, खाडाखोड आहे, चहाचा एक डाग आहे. तिफणीमागं बांधायच्या सरत्यावरून वहिनीचं आणि माझं भांडण झालं, कारण तो धरायला बाईच का लागते याची तिची कारणं माझ्या कारणांहून निराळी. दोन्ही लिहिली. पुष्कळ ओव्या अर्ध्याच येतात. पहिली ओळ येते, दुसरीला वहिनी छताकडं बघते. तिथं मी रेघ मारून जागा सोडते. भाऊ माहेरी न्यायला येतो त्या आत्याच्या ओव्या तर एकही पूर्ण नाही. चाल मला येते, पुतण्याच्या मोबाईलवर मी ती नुसती गुणगुणून ठेवली आहे.

गेल्या गुरुवारी सकाळी वहिनीचा फोन आला. "बाई, आज बरं नाई वाटून राह्यलं. पुढच्या हप्त्यात ये." मी लगेच "बरं" म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर मला हलकं वाटलं. ते हलकं वाटणं माझ्या ओळखीचं होतं. २०१५च्या संक्रांतीला परतीच्या एस.टी.त बसल्यावर अगदी तसंच वाटलं होतं.

शुक्रवारी गेले. वहिनी झोपली होती. तास-दीड तास उशाशी बसून राहिले. सुनेनं चहा दिला, सरकीच्या भावाची गोष्ट काढली. साडेचारला वहिनीनं डोळे उघडले, मला पाहिलं, आणि ना कधी आलीस, ना कशी आहेस.

"कुठवर लिवलं व्हतं वं मागच्या खेपेले?"

मी वही काढली.