दारचे बी दारातच राहू द्या

उल्हासनगर कॅम्प ५ मधून नेवाळी नाक्याकडे निघालात की माघ-फाल्गुनात कुठे पत्र्यावर, कुठे कुंपणावर घेवड्या-पावट्याचे वेल पिवळे पडलेले दिसतात. कोवळ्या शेंगा खाऊन झाल्या, आता वेल कशाला, म्हणून तो उपटून उकिरड्यावर जातो. आणि जून उजाडला की तोच घरमालक बियाण्याचे पाकीट आणायला बाजारात उभा! शेतकरी बंधू-भगिनींनो, हा कसला व्यवहार? बी तर दारातच वाळत होते.

अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात भात निघाल्यावर जमिनीतल्या ओलीवर वाल पेरण्याची चाल जुनी. त्या शेतांचे आता प्लॉट पडताहेत. जे शेतात राहिले नाही, ते परसातच टिकणार. म्हणून ही चार वेलांची गोष्ट लहान समजू नका. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण वाल-घेवड्याच्या किती तरी गावठी जाती त्यांनी सांभाळल्या. सरकारने २०२० साली त्यांना पद्मश्री दिली.

बियाण्याचा वेल आधीच हेरा. निरोगी, भरपूर लागलेला. त्याला चिंधी बांधा, म्हणजे घरातले कोणी भाजीला हात लावणार नाही. उरल्यासुरल्या, शेवटच्या किडक्या शेंगा बियाण्याला ठेवायच्या ही आपली खोड वाईट. शेंग वेलावरच वाळून खुळखुळली पाहिजे. मग तोडून दोन-चार दिवस सावलीत, त्यानंतर सकाळचे कोवळे ऊन. भर दुपारी तापल्या पत्र्यावर बी पसरू नका, कोंब आतच मरतो. रात्री दव पडते, तेव्हा संध्याकाळी घरात घ्या. दाताखाली दाबल्यावर दाणा दबला तर अजून ओला आहे. कटकन फुटला तर वाळला.

आता भुंग्याचे. डबा घट्ट लावला तरी भुंगा आला कुठून, असे बायाबापड्या विचारतात. तो बाहेरून येत नाही. मादी शेतातच शेंगेवर अंडी घालते आणि अळी दाण्यात शिरून डब्यात जाते. म्हणून आजीबाई बियांना राख चोळून मडक्यात भरत, वर कडुनिंबाचा वाळला पाला घालीत. किलोला चमचाभर गोडेतेल चोळले तरी चालते. घरात फ्रीज असेल तर नीट वाळलेले बी घट्ट बरणीत भरून आठवडाभर बर्फाच्या कप्प्यात ठेवा, भुंगा मरतो. मात्र ओले बी ठेवाल तर तेही मरेल! बाहेर काढल्यावर बरणी लगेच उघडू नका, दाण्याला पाणी सुटते.

पेरणीआधी २० दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून पाहा. १५ रुजले तर बी चांगले.

घरचे बी ठेवणे, वाटणे, विकणे हा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या पीक वाण संरक्षण कायद्याने मान्य केला आहे. फक्त ब्रँडचे नाव लावून विकता येत नाही. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांना एकच सांगणे: १ मेच्या ग्रामसभेला येताना प्रत्येक घराने मूठभर बी आणावे, अशी दवंडी द्या. पुडीवर घराचे नाव, पेरणीचा महिना आणि शेंगेचा रंग तेवढा लिहून घ्या. पेरणीला मग महिनाच उरतो, ज्याला जे हवे ते तो तिथूनच घेऊन जाईल.