पोराला कॉलेजात घातले, पुढे काय?

बारावीचा निकाल लागला की आमच्या पेढीवर कापड घेणाऱ्यांपेक्षा सल्ला विचारणारेच अधिक येतात. "शेठ, पोराला इंजिनिअरिंगला घालायचे आहे, कुठे घालू?" मग प्रवेश होतो, पेढे वाटले जातात आणि बाप निश्चिंत होतो. आम्हांला लिहायचे आहे ते या निश्चिंतीबद्दल. तागा विकत घेताना आपण त्याची दोन्ही टोके तपासतो. मुलाच्या शिक्षणात मात्र आपण प्रवेशाचे एकच टोक पाहतो. मधली चार वर्षे आणि शेवटची नोकरी त्याच्या नशिबावर सोडून देतो.

आमच्या रामवाडीतल्या एका वेल्डिंग कारागिराच्या मुलाची हकीगत सांगतो. मुलगा हुशार, पण दहावीपर्यंत उर्दू माध्यमाचा. पहिल्याच सेमिस्टरला गणित आणि ड्रॉइंग, दोन्ही विषय राहिले. बापाने कर्ज काढून पैसे भरलेले, म्हणून त्याने घरी अवाक्षर काढले नाही. सुटीत तो आमच्या दुकानी येऊन बसू लागला. आम्ही विचारपूस केली आणि मोठ्या शहाणपणाने म्हणालो, "जमत नसेल तर सोड, गल्ल्यावर बस." आज कबूल करतो, तो सल्ला चुकीचा होता. त्याने तो ऐकला नाही हे बरे झाले. हॉस्टेलमधला वरच्या वर्गातला एक मुलगा त्याला रोज रात्री तासभर गणित समजावू लागला, तेही आपल्या बोलीत. वर्षभरात दोन्ही विषय सुटले. आम्ही त्याला पैसे द्यायला तयार होतो. पण त्याला हवा होता तो असा रोजचा एक तास.

आम्ही स्वतः उर्दू शाळेत शिकलो. मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटात प्रथम माल घ्यायला गेलो, तेव्हा इंग्रजी बिल वाचता येत नव्हते. एका पेढीच्या मुनीमजींनी जवळ बसवून शिकवले. आपल्या धंद्यात नवख्याला असे हाताशी धरण्याची रीत आहे. कॉलेजात गेलेल्या मुलाच्या बाबतीतच आपण ती का विसरतो?

आपला रायगड जिल्हा या बाबतीत नशीबवान आहे. लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ च्या कायद्याने स्थापन झाले. तिथे केमिकल आणि पेट्रोकेमिकल इंजिनिअरिंगही शिकवतात. पनवेलला अंजुमन-ए-इस्लामचे काळसेकर टेक्निकल कॅम्पस आहे, तर मुंबईत भायखळ्याला त्याच संस्थेचे साबू सिद्दीक कॉलेज. कारखाने म्हणाल, तर पेण तालुक्यातच डोलवीचा पोलाद कारखाना, पुढे नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प, रोह्याला धाटावची रासायनिक वसाहत आणि अलिबागजवळ थळचा खत कारखाना. शिकण्याची आणि काम पाहण्याची ठिकाणे एकाच जिल्ह्यात असूनही आपली कित्येक मुले शेवटच्या वर्षापर्यंत कारखान्याच्या फाटकाबाहेरच असतात. कारण आत ओळखीचे कोणी नसते आणि अर्ज कसा करायचा हे घरात कोणाला ठाऊक नसते.

इथे आपण व्यापारी-कारागीर कामाला येऊ शकतो. आपल्यातले कोणी या कारखान्यांना माल पुरवतात, कोणाचे फॅब्रिकेशनचे ठेके आहेत, कोणाचे लेथ आहेत. सुटीत एका मुलाला महिनाभर आपल्या वर्कशॉपमध्ये उभे करा. चहा आणायला नव्हे, माप घ्यायला आणि हिशेब लिहायला. त्याला ड्रॉइंगवरची रेघ लोखंडावर कशी उतरते ते दिसेल.

पदवी मिळाल्यावरही एक दार आहे. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात १९७३ साली दुरुस्ती होऊन पदवी आणि डिप्लोमा झालेले इंजिनिअरही त्यात आले. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना अप्रेंटिस घेणे बंधनकारक आहे. वर्षभर विद्यावेतन मिळते आणि अनुभवाचा दाखला हाती येतो. "पगार कमी" म्हणून नाक मुरडू नये. आपणही धंदा शिकताना पहिल्या दिवसापासून नफा मोजला नव्हता.

आता कागदपत्रांविषयी. राज्य सरकारने २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. प्रवेश मात्र सरकारी केंद्रीय फेरीतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून चालत नाही. आपल्यातील अनेक कारागीर बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. तरीही बाप धावपळ सुरू करतो ती प्रवेशाच्या आठवड्यात, आणि उत्पन्नाचा दाखला किंवा जात वैधता हाती नसल्यामुळे सवलत निसटते. ईदच्या मालाची तजवीज आपण महिनोन्‌महिने आधी करतो. मग हे दाखले मुलगी अकरावीत असतानाच का काढून ठेवू नयेत?

आमचे म्हणणे थोडक्यात एवढेच. प्रत्येक गावातील चार-पाच व्यापाऱ्यांनी मिळून आपल्या गावची इंजिनिअरिंगला गेलेली मुलेमुली कोण, याची एक वही करावी. पहिल्या वर्षाला गेलेल्याची तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलाशी गाठ घालून द्यावी. दर सेमिस्टरनंतर मुलाला दुकानी बोलावून "किती टक्के?" विचारण्याऐवजी "कुठे अडले?" असे विचारावे. उधारीची वही आपण रोज उघडतो, ही वही वर्षातून दोनदा उघडली तरी पुरे.

तो वेल्डरचा मुलगा आता शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात दुकानी आला होता. गल्ल्यावर बसायला नव्हे, तर पहिल्या वर्षाला नव्याने गेलेल्या दोन मुलांची नावे विचारायला.