माइक आपला, पण मनोरा कुणाचा?



1972 साली आपल्या पोरांनी 'पँथर' हा शब्द अमेरिकेतल्या काळ्यांकडून घेतला. बरं केलं. पण त्यांनी रेडिओ कसा हातात घेतला, हे आपण शिकलो नाही. म्हणून या वेळी शिकागोच्या डब्ल्यूव्हीओएन या केंद्राबद्दल लिहितोय.

नावाचा मूळ अर्थ 'निग्रोचा आवाज'. 1963 च्या एप्रिलात सुरू झालं. आवाज काळ्यांचा, मालक गोरे. लेनर्ड आणि फिल चेस, रेकॉर्ड कंपनीवाले भाऊ. दिवसभर गाणी, जाहिराती, धंदा जोरात. पण वेस्ली साउथ हा काळा पत्रकार 'हॉट लाइन' चालवायचा. फोन लावा, बोला. मार्टिन ल्यूथर किंग आणि माल्कम एक्ससुद्धा त्याच्याशी बोलले.

1969 साली लेनर्ड मेला आणि पुढं केंद्र विकलं गेलं. कुठल्या जहाजात चढायचं हे गोणीला कोण विचारतं?

1979 साली साउथ आणि तिथंच ब्लूज वाजवणारा पर्विस स्पॅन यांनी स्वतःची कंपनी काढून 1450 ही जुनी लहर मिळवली. तीही पुरती नाही, दुसऱ्या केंद्राबरोबर वेळ वाटून. 1986 साली गाणी मागं सारली, लोकांचं बोलणं पुढं आणलं. 2006 साली 1690 वर गेले, दिवसरात्र बोलायला मिळालं. पण ती लहर बड्या कंपनीकडून भाड्यानं. इतकं करूनही भाडेकरूच!

आता इकडं बघा. 1995 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, हवेतल्या लहरी जनतेच्या. 2006 च्या धोरणानं सामुदायिक रेडिओ संस्थांना खुला केला. 2008 साली तेलंगणातल्या माचनूर गावात दलित बायांनी संगम रेडिओ सुरू केला. शेती, बियाणं, गाणी, सगळं त्यांच्या बोलीत. पण त्याच धोरणात बातम्यांना बंदी होती.

मी मॅट्रिक. गोदीत बोजे उचलतो, कविता लिहितो. गेल्या पावसाळ्यात आमच्या टोळीतल्या एकाच्या पायावर गोण्यांची थप्पी कोसळली. पाय गेला. ही बातमी की गाऱ्हाणं? त्या नियमानं बातमी असेल तर तोंड बंद. गाऱ्हाणं असेल तर ढोलकीवर गा! आमचा मोडलेला पाय कुठल्या रकान्यात बसतो, हे दिल्लीतला साहेब ठरवणार?

जयंतीला मिळालेल्या अर्ध्या तासावर खूश होऊ नका. मोबाइलवर ओरडलो म्हणून आवाज आपला झाला, असंही समजू नका. तो मनोरासुद्धा दुसऱ्याचाच आहे, वाटेल तेव्हा बंद करतील.

कविता लिहिणाऱ्यांनो, नियमांचे कागद वाचा. त्या धोरणात परवान्यासाठी संस्थेची तीन वर्षांची नोंदणी मागितली होती. मग वस्तीतल्या मंडळाची नोंदणी आजच करा, हिशेब चोख ठेवा. अर्ज करा. बातमीची बंदी उठवायला मोर्चा काढा. गोदीतून आम्ही येतो.