डबी लावून पिकअप येत नाही

स्पोर्ट्स कारवाल्यांची माझ्याकडे येणारी तक्रार ठरलेली असते: "पाय दाबतो, पण गाडी उचलत नाही." त्यावरचा उपायही ते सोबत घेऊनच येतात: "ती डबी बसवून द्या ना."

डबी म्हणजे पेडल आणि इंजिनचा कॉम्प्युटर यांच्यामध्ये लावायचा छोटा कंट्रोलर. गाड्यांतले दोष शोधणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे आणि या डबीशी माझं भांडण आहे.

आधी ती काय करते ते बघू. पूर्वी पेडलपासून थ्रॉटलच्या झडपेपर्यंत सरळ तार जायची. १९८९च्या पहिल्या माझदा एमएक्स-५मध्ये तशीच तार होती. ती सैल पडली की पेडल तळाला टेकूनही झडप पूर्ण उघडत नसे. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने बॉनेटखाली बघायचं, की दोष सापडला. २००५मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीत ही तार गेली. आता पेडल फक्त मागणी नोंदवतं. त्यातले दोन सेन्सर व्होल्टेज पाठवतात, कॉम्प्युटर दोन्हींचा ताळा बघतो आणि झडप किती उघडायची ते ठरवतो.

डबी याच वाटेत बसून खोटं बोलते. तुमचा पाय ३० टक्के असताना ती ६० सांगते. गाडी चपळ वाटते, पण पेडल पूर्ण दाबल्यावर १०० टक्के ते १०० टक्केच. इंजिनची ताकद तसूभरही वाढत नाही. गाडी निरोगी असेल आणि कंपनीने पेडल मुद्दाम मवाळ ठेवलं असेल, तर खुशाल लावा. पण निरोगी आहे हे तपासलं कुणी?

तपासायला जादू लागत नाही, क्रम लागतो. पहिला प्रश्न: प्रतिसाद उशिरा येतो, की ताकदच कमी आहे? टर्बोला दाब तयार करायला थोडा वेळ लागतोच, तो दोष नव्हे. मग स्कॅनरवर पेडलचा आकडा आणि झडपेचा आकडा शेजारीशेजारी बघायचे. पेडल १०० म्हणतंय आणि झडप मागे राहतेय, तर थ्रॉटल बॉडी अडकतेय किंवा कॉम्प्युटरच तिला रोखतोय. झडप नीट उघडत असेल, तर पुढे फ्युएल ट्रिम बघायचा. तो आयडलला वाढलेला आणि रेस दिल्यावर खाली येत असेल, तर एअरफ्लो सेन्सरच्या पुढे कुठेतरी हवा आत शिरतेय. उलट जोर लावल्यावर वाढत असेल, तर सेन्सर मळलाय किंवा पेट्रोल कमी पडतंय. हे आकडे ठीक आणि तरी वरच्या रेसला दम कोंडतोय, तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबलाय का, हे प्रेशर गेज लावून बघायचं.

हे सगळं टाळून डबी लावणं म्हणजे तापावर गोळी घेऊन मॅरेथॉन धावणं. जोर लावल्यावर पेट्रोल कमी पडणारं टर्बो इंजिन असं पळवलंत, तर पिस्टन जाऊ शकतो.

पण मला राग डबी विकणाऱ्यापेक्षा आपल्या हिशेबाचा येतो. एका तरुणाच्या गाडीची थ्रॉटल बॉडी आणि एअरफ्लो सेन्सर, दोन्ही एका वर्कशॉपने बदलले होते. फरक शून्य. दोष निघाला टर्बोच्या पाइपवरच्या सैल क्लॅम्पमध्ये. दोन पार्टचं बिल त्याने मुकाट भरलं होतं. माझ्या दीड तासाचे पैसे सांगितल्यावर मात्र तो म्हणाला, "एक क्लॅम्प आवळायचे एवढे?"

क्लॅम्प आवळायचे नव्हेत रे बाबा, तोच सैल आहे हे शोधायचे.

आपण वस्तूचे पैसे देतो, विचाराचे मागितले की लूट वाटते. मग मेकॅनिकने विचार का करावा? पार्ट बदलला की नफा आहे, दोष शोधला की वाद आहे. शोधून काम करणारा यात उपाशी राहतो आणि अंदाजाने पार्ट बदलणाऱ्याचं दुकान वाढतं. ही व्यवस्था गॅरेजवाल्यांनी एकट्याने बनवलेली नाही, आपल्या घासाघिशीने बनवली आहे.

म्हणून पुढच्या वेळी कुणी "हा पार्ट गेलाय" म्हणालं, तर "कशावरून?" विचारा. स्कॅनरवरचे आकडे बघायला मागा, काम झाल्यावर तेच आकडे पुन्हा बघा. आणि उत्तर नीट मिळालं, तर त्या उत्तराचे पैसे घासाघीस न करता द्या.