मान आणि मत

इ. स. १९४५ च्या मे महिन्यांत ब्रिटनमधील गॅलप संस्थेनें लोकमत अजमाविलें, तेव्हां शंभरांपैकीं ८३ जणांनीं चर्चिलसाहेबांच्या कारभाराविषयीं समाधान दर्शविलें. ५ जुलैस मतदान झालें, २६ जुलैस निकाल लागला. आणि पाहतात तों मजूर पक्षास ३९३ जागा व चर्चिलसाहेब पायउतार!

यास कृतघ्नता म्हणावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. मतदारांच्या तोंडीं प्रथम घराचा प्रश्न होता. बॉम्बवर्षावानें घरें पडलीं होतीं; पहिल्या महायुद्धानंतरची बेकारी लोक विसरले नव्हते; आणि १९४२ च्या बेव्हरिज अहवालानें आजारपणांत व म्हातारपणांत आधाराची आशा लाविली होती. युद्ध जिंकणारास त्यांनीं मान दिला, घर बांधील असें वाटलें त्यास मत दिलें.

पुढें हीच कसोटी मजूर पक्षासही लागली. युद्धकाळींही न झालेलें पावाचें रेशनिंग त्याच्या राजवटींत, १९४६ सालीं आलें. गृहिणींची कुरबुर वाढली. १९५१ सालीं, एकंदर मतें अधिक पडूनही, त्याच्या जागा घटल्या. आणि वर्षास तीन लक्ष घरांचें आश्वासन देऊन चर्चिलसाहेबांचा पक्ष परत आला.

वाचकहो, मान हा झालेल्या उपकाराबद्दल द्यावयाचा. मत हें उद्यांच्या चुलीकडे पाहून. हीं दोन खातीं जो समाज निराळीं ठेवितो, त्याचे पुढारी सावध राहतात.