जिन्याखालची सायकल

घराघरात एखादी वस्तू अशी असते, की ती वापरातही नसते आणि टाकूनही देववत नाही. कुणाकडे जाते असते, कुणाकडे शिवणयंत्र, कुणाकडे पत्र्याची ट्रंक. भीमजयंतीच्या आधी घर झाडायला काढले की ती बाहेर येते, पुसली जाते आणि पुन्हा आत जाते. आमच्या घरी अशी वस्तू म्हणजे एक सायकल. काळी, 22 इंची, अ‍ॅटलास कंपनीची. आमच्या वडिलांनी, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, ती 1974 साली सोसायटीचे कर्ज काढून घेतली होती. गेली अठरा वर्षे ती जिन्याखाली उभी होती. यंदा पावसाळ्याआधी आम्ही ती दुरुस्त करून घेतली. त्या निमित्ताने जे आठवले आणि जे सुचले, ते वाचकांपुढे मांडावेसे वाटते. कारण अशी सायकल आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजही कुठेतरी उभी असेल.

दादा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामगार होते. घर बोपोडीत. त्या काळी पुणे म्हणजे सायकलींचे शहर. भोंगा झाला की कारखान्याच्या फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा. सगळ्या काळ्या, सगळ्या सारख्या, पण आम्हा भावंडांना दादांची घंटी लांबून ओळखू यायची. डब्याची पिशवी हँडलला आणि येताना कॅरिअरवर काही ना काही बांधलेले. दळणाचा डबा, रेशनचे तांदूळ, रॉकेलचा कॅन, आजारी शेजारी, पावसाळ्यात छपरावर टाकायचा प्लॅस्टिकचा कागद, सगळे त्याच कॅरिअरवरून घरी आले. आणि 14 एप्रिलला हीच सायकल नवरीसारखी सजायची. आम्ही पोरे आदल्या रात्री बसून चाकाच्या तारांमध्ये निळा कागद गुंफायचो. सकाळी चाक फिरले की सगळे चाकच निळे दिसायचे.

सायकल शिकलो तीही याच सायकलीवर. सीटवर बसून पाय पुरत नसत, म्हणून दांड्याखालून एक पाय पलीकडे घालायचा आणि हाफ पायडल मारत निघायचे. वाकडे शरीर, वाकडी सायकल, पण चालायची सरळ. दादांची सायकल कामावर असली की भाड्याची सायकल आणायची. तासाला एक रुपया. दुकानदार वहीत नाव लिहायचा, वडिलांचे नाव विचारायचा, कुठल्या चाळीत राहता ते विचारायचा आणि घड्याळात पाहून वेळ टाकायचा. चार मित्रांनी चार-चार आणे काढायचे आणि पंधरा-पंधरा मिनिटे वाटून घ्यायची. हिशेबाची आमची पहिली शिकवणी ती. आता ती दुकाने दिसेनाशी झाली.

मोठ्या ताईची दहावीची परीक्षा 1992 साली होती. पहिल्याच पेपरच्या दिवशी बस आली नाही. दादा नुकतेच रात्रपाळी करून आले होते. चहाचा घोट घेतला न घेतला आणि त्यांनी सायकल फिरवली. ताईला डबलसीट घेऊन हॅरिस पुलावरून पलीकडे दापोडीच्या केंद्रावर पोहोचवले. नंतरचे सगळे पेपर तसेच झाले. पेपर सुटेपर्यंत ते केंद्राबाहेर झाडाखाली सायकलीला टेकून झोपत. आज ताई शिक्षिका आहे. तिच्या प्रमाणपत्रावर तिचे नाव आहे, पण त्यामागे त्या कॅरिअरचा वाटा आहे, असे तीच सांगते.

आपल्या समाजाला वाहनाचे मोल वेगळे सांगायला नको. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत 1901 सालचा प्रवास लिहून ठेवला आहे. वडिलांना भेटायला निघालेली ती लहान मुले मसूर स्टेशनवर उतरली. जात कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे, बैलगाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, असे ठरले. पैसे होते, गाडी होती, पण पुढे जायचे की नाही हे दुसऱ्याच्या हातात होते. हे वाचले की दादांची सायकल आम्हाला निराळी दिसते. सायकलीला गाडीवान लागत नाही. ज्याचे पाय त्याचा प्रवास. कर्जाचे हप्ते फेडून झाले त्या दिवशी दादांनी घरी पेढे का आणले, हे आम्हाला मोठेपणी कळले.

आता दुरुस्तीविषयी. आमच्या भागात एक जुने मिस्त्री आहेत. त्यांनी सायकल उलटी केली, चाक फिरवून कान दिला आणि म्हणाले, "मेलेली नाही, झोपलीय." मग सुट्टीच्या तीन दिवशी आम्ही त्यांच्या हाताखाली बसून काम केले. सायकल सगळी खोलली. गंजलेली कॉटर पिन हातोडीने ठोकून काढावी लागली. हबमधले ग्रीस वाळून मेणासारखे झाले होते. पूर्वी हे सारे रॉकेलने धूत. आता रेशनवर रॉकेल मिळत नाही, म्हणून डिझेल वापरले. मागच्या हबमध्ये एका बाजूला 9 आणि दुसऱ्या बाजूला 9 असे 18 छर्रे असतात. त्यातले सात खड्डे पडून बाद झाले होते. मिस्त्री म्हणाले, "एक जरी खराब ठेवला तरी तो बाकीच्यांना खातो." म्हणून सगळेच नवे घातले.

चाकाच्या तारा आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा मोजल्या. पुढच्या चाकाला 32 आणि मागच्याला 40. असे का, म्हणून विचारले, तर उत्तर सोपे होते. स्वाराचे आणि कॅरिअरचे ओझे मागच्या चाकावर जास्त येते, म्हणून तिथे तारा जास्त. रिमला औट आला होता. मिस्त्रींनी एकेक तार पाव-पाव फेरा आवळत आणि सैल करत तो काढला. सगळ्या तारा सारख्या ताणात असतील तरच चाक सरळ फिरते. एक फार आवळली किंवा एक ढिली राहिली, तर चाक डुलते. संघटनेत काम करणाऱ्यांनी हे एकदा डोळ्यांनी पाहावे.

रंग मात्र आम्ही नवा दिला नाही. गंज पॉलिश पेपरने काढला, तेलाचा हात फिरवला आणि दांड्यावरच्या सोनेरी रेघा जशा अर्धवट उरल्या होत्या तशा ठेवल्या. हँडलखालचा बिल्ला घासल्यावर खांद्यावर पृथ्वी पेलणारा माणूस पुन्हा दिसू लागला. अ‍ॅटलास कंपनी 1951 साली हरयाणातील सोनीपतला सुरू झाली. तिचा साहिबाबादचा अखेरचा कारखाना 3 जून 2020 रोजी बंद पडला. संयुक्त राष्ट्रांनी 2018 पासून जो दिवस जागतिक सायकल दिन ठरवला, नेमका तोच दिवस. सकाळी कामावर आलेल्या कामगारांनी फाटकावर नोटीस वाचली. कारखाना गेला, पण या काळ्या सायकलींचे बरेचसे सुटे भाग एकमेकींना चालतात. म्हणून नाना पेठेत टायर, छर्रे, चेन सगळे मिळाले.

आम्ही पडलो कॉमर्सचे, त्यामुळे हिशेब दिल्याशिवाय चैन पडत नाही. दोन टायर 700 रुपये, दोन ट्यूब 260, चेन 180, छर्रे, तारा आणि कॉटर पिना 240, ब्रेकचे रबर 120, सीटचे कातडे शिवणे 250, औट काढणे आणि ओव्हरहॉलिंगची मजुरी 600. एकूण 2,350 रुपये. आता दुसरी बाजू. घरापासून कारखान्याचे फाटक तीन किलोमीटर. दादांची नोकरी 2004 साली संपली, म्हणजे या सायकलीने तीस वर्षे नोकरी केली. वर्षाचे तीनशे दिवस, रोज जाऊन-येऊन सहा किलोमीटर, म्हणजे 54 हजार किलोमीटर झाले. पृथ्वीचा घेर सुमारे 40 हजार किलोमीटर आहे. बोपोडी ते खडकी करता करता दादा पृथ्वीला एक फेरी मारून आणखी बरेच पुढे गेले होते! पुढच्या चक्राला 44 दाते, मागच्या फ्रीव्हीलला 18. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे सरकते. घर ते फाटक म्हणजे असे साडेपाचशे फेरे. एका माणसाच्या गुडघ्यांनी एक संसार कसा ओढला, ते या आकड्यांत दिसते.

हिशेबाच्या पुस्तकात घसारा नावाचा प्रकार असतो. वस्तू जुनी होते तशी तिची किंमत दरवर्षी कमी करायची. त्यात घटत्या शिलकेची एक पद्धत आहे. तिच्यात उरलेल्या किमतीवर टक्केवारी काढतात, त्यामुळे किंमत कमी कमी होत जाते, पण शून्य कधीच होत नाही. दादांच्या सायकलीला हीच पद्धत लागू आहे, असे आम्ही मानतो.

सायकल तयार झाल्याची बातमी पसरली आणि एक गृहस्थ घरी आले. त्यांना आपल्या नव्या हॉटेलच्या भिंतीवर जुनी सायकल टांगायची होती. सात हजार रुपये रोख देतो म्हणाले. सात हजार ही आपल्या घरात लहान रक्कम नाही. मुलाच्या क्लासची फी त्यात निघाली असती. जुन्या वस्तू नीट जपून मांडणाऱ्यांविषयी आम्हाला आदर आहे. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय आहे, ते मुलांना जरूर दाखवावे. पण हॉटेलच्या भिंतीवरच्या सायकलीखाली बसून लोक चहा पितील आणि "काय जुना जमाना होता" म्हणतील. त्या जमान्यात कुणाच्या पोटऱ्यांना गोळे येत होते, हे त्यांना कोण सांगणार? घरात चर्चा झाली. आई गप्प होती. शेवटी म्हणाली, "तीस वर्षं मी तिच्यावर मागं बसले. पुढं कधी बसले नाही. विकू नका. कुणातरी पोरीला द्या."

तिच्या या बोलण्याने आम्ही थबकलो. दादांच्या सायकलीच्या आठवणी आम्ही इतक्या वेळा सांगितल्या, पण त्यात आई नेहमी कॅरिअरवर होती, हे आमच्या कधी ध्यानात आले नव्हते. ही गोष्ट तिच्या एकटीची नाही. तामिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यात 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर गावोगावच्या हजारो स्त्रियांना सायकल शिकवली गेली. शेतमजूर बाया, खाणीत दगड फोडणाऱ्या बाया दांड्याच्या पुरुषी सायकलीसुद्धा चालवू लागल्या. कारण लिहिता-वाचता येणे आणि कुणाला न विचारता जाता येणे, या दोन्ही गोष्टी एकाच वाटेवरच्या आहेत, हे त्या मोहिमेने ओळखले. आपल्या महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली देण्याची योजना आली. शाळा लांब पडते म्हणून मुलीचे शिक्षण थांबते, हे सरकारलाही दिसले. ते आपल्याला घरात दिसायला हवे.

आमच्या वस्तीत अकरावीत शिकणारी एक मुलगी आहे. आई धुणीभांडी करते. कॉलेज पाच किलोमीटरवर, बसच्या दोन फेऱ्या, शिवाय ताटकळणे वेगळे. सायकल आम्ही तिला दिली. दांडा उंच आहे म्हणून पहिले दोन दिवस ती बिचकली. तिसऱ्या दिवशी तिने सीट खाली करून घेतली आणि निघाली. पंक्चर कसे काढायचे हेही तिला मिस्त्रींनी शिकवले. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवायची, बुडबुडे येतील तिथे खूण करायची, घासायचे, सोल्युशन लावायचे, वाळू द्यायचे आणि मग चकती दाबायची. तेवढे ज्ञान सायकलीबरोबर द्यायलाच हवे, नाहीतर पहिल्या पंक्चरला सायकल पुन्हा जिन्याखाली जाते.

वाचकहो, आठवणी गोड असतात हे खरे, पण नुसत्या पुसून ठेवलेल्या आठवणीला गंज चढतो. आपल्या जिन्याखाली, गॅलरीत, गावाकडच्या पडवीत सायकल पडून असेल तर या रविवारी बाहेर काढा. चाक फिरवून पाहा. मिस्त्रीला दाखवा, खर्च विचारा, मुलांना शेजारी बसवून छर्रे धुवायला लावा आणि ही सायकल कुणी, कशासाठी, किती वर्षे चालवली ते त्यांना सांगा. घरात चालवणारे कुणी नसेल तर आजूबाजूला नजर टाका. पायी शाळेत जाणारे मूल फार लांब शोधावे लागणार नाही. आणि घरातल्या आईला, बहिणीला एकदा विचारा, तुला शिकायची आहे का? वय विचारू नका.